टाकीला लावलेला कान

सोमवार

नव्या कारखान्यात आलो एकदाचा! खोली ऐसपैस, खिडकीत समुद्र, शेजार मात्र नाही. बायको गेल्यापासून एकट्याने जेवायची सवय आहेच. इथे समुद्रातली बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवतात. तिला उपाशी ठेवलं की ती एंझाइम सोडते, समोर येईल ते विरघळवून खायला. त्यातूनच रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारं औषध बनतं. लेक फोनवर म्हणाली, बाबा, मशीन सांभाळा, डॉक्टरकी करू नका. तिचे दिवस भरत आलेत. बाळाचं पहिलं रडणं फोनवर ऐकवणार आहे. तेवढ्यासाठी फोन उशाशी घेऊन झोपतो.

गुरुवार

टाकीचं बेअरिंग कुरकुरतंय. स्क्रूड्रायव्हरचं टोक टाकीला, मूठ कानाला, ही माझी जुनी रीत. कारखाना बदलला तरी कान तेच. प्रयोगशाळेच्या बाईंनी विचारलं, ताप आहे का हो तिला? म्हटलं, ताप नाही, भूक आहे. हसल्या. मग मूठ टाकीतल्या पाण्याने ओली दिसली, तशा रागावल्या, हे कानाला लावता?

रविवार

कान खाजतो, पण ऐकू काय येतंय! भिंतीपलीकडच्या नळाचा थेंब. लेकीच्या बोलण्यामागे इवलेसे ठोके. तिचा आवाज इतका स्वच्छ कधी ऐकला नव्हता. पोटभर ऐकला.

मंगळवार

नळ गळतोय, आवाज नाही. बाईंना दाखवला. त्यांनाही ऐकू येईना.

बेअरिंगही गप्प. मी तर हात लावलेला नाही.

बुधवार

जावयाचा मेसेज. लेकीचा आवाज गेलाय. घसा ठीक आहे म्हणतात डॉक्टर. ती बोलते, पण आवाज फुटत नाही.

जे मी कान देऊन ऐकलं, ते सगळं विरघळतंय—

कानातून रक्त येतंय. गोठत नाही. आत काहीतरी हलतं. उपाशी.

शुक्रवार

दोन्ही कानांत कापूस कोंबलाय. कोणाशी बोलत नाही. बाई दार वाजवून गेल्या. दाराचाही आवाज गेला.

शनिवार

फोन. न घेता राहवलं नाही. जावई म्हणाला, मुलगी झाली, आजोबा! हे घ्या, ऐका. नको म्हणालो. त्याला वाटलं, मला भरून आलंय.

रडतेय. कापसातूनही येतंय. अगदी लेकीसारखं—

फोन ठेवायला हवा. ठेवतो. एकदाच ऐकून—

बारीक होत चाललंय—

ठेव, अरे, ठेव की—