एल म्हणजे लहान

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार
दादाने सायकल विकायला काढली. म्हणे, शेवटचा गिअर महिनाभर कुरकुरतोय; रविवारपर्यंत नीट झाला नाही तर मांजरी गावातले त्याचे मित्र हिंदुराव घेऊन जातील. सायकल कागदोपत्री त्याची. पण दोन वर्षं कसब्यातून खराडीच्या ऑफिसला ती रोज नेतं कोण? मी. मला विचारलं कोणी? नाही.
संकल्प: स्वतः दुरुस्त करीन. बजरंगच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात नेणार नाही. तो हसतो.

५ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
निरीक्षण. मागच्या चाकाला सात चकत्या. चेन सहांवर नीट जाते, सर्वांत लहान चकतीवर उतरत नाही. हात लावला नाही. चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही, ही त्यांची शिस्त. दादा थेट शाळेत गेला. फरक दिसतो.

६ फेब्रुवारी
माहितीपुस्तिका दादाने हरवली.
संध्याकाळी: माझ्या कपाटात सापडली. तिथे ठेवलीच कशाला त्याने?
पुस्तिका म्हणते, आधी गिअरची केबल तपासा. केबल बाहेरून काळी, चांगली आहे. तपासली.

७ फेब्रुवारी
चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग म्हणजे डिरेलर. त्यावर दोन बारीक स्क्रू, एच आणि एल. पुस्तिकेतलं नेमकं तेच पान तेलकट. पण वाचायची गरजच काय? एच म्हणजे हाय, मोठी चकती. एल म्हणजे लो, लहान. एल दोन फेरे सैल केला. चेन उतरेना. आणखी दोन.
दादाने येऊन विचारलं, पंचांग बघून फिरवतेस का? संतापात एक फेरा जास्त पडला. तो दादामुळे.

९ फेब्रुवारी, शनिवार
चाचणी. पुलाच्या चढावर मोठ्या चकतीचा गिअर टाकला. कडकड! चेन चकती ओलांडून चाकाच्या तारांत, डिरेलर तिच्यामागोमाग. चाक जागीच. मागच्या रिक्षावाल्याने विचारलं, ताई, पूल विकत घेतलात का? लोकांना शरम नाही.
उचलून बजरंगकडे नेली. म्हणाला, आधी कुणी दुरुस्त केली त्याचा पत्ता द्या ताई, माझा धंदा वाढेल. मी दादाचं नाव सांगितलं. वर म्हणतो, केबल आतून गंजली होती, दोन थेंब तेलाचं काम. आणि सायकलमध्ये मोठी चकती म्हणजे लो, लहान म्हणजे हाय. मोठ्याला लो कोण म्हणतं? कंपनीला पत्र लिहिलं: अक्षरं उलटी छापली आहेत, त्वरित सुधारावीत.
खोटं बोलले, ते चुकलंच. उद्या बजरंगला खरं सांगीन. किंवा आजच दादाला एकदा स्क्रूला हात लावायला सांगते, म्हणजे खोटं उरणार नाही.
दादाने लावला नाही.

१० फेब्रुवारी, रविवार
हिंदुराव आले. विचारलं, गिअर कुठं हाय? बजरंगने पिशवीत भरून दिलेले डिरेलरचे तुकडे दाखवले. चहा न घेता गेले.
मग बजरंगचा दादाला निरोप: साहेब, पुन्हा सायकलला हात लावू नका. दादा म्हणाला, आता ही फुकटही कोणी नेणार नाही. तूच ठेव.
म्हणजे सायकल माझी झाली. आठवड्यात करून दाखवलं.
उद्या ऑफिस. खराडीच्या बसचा थांबा कुठे असतो, ते दादाला माहीत आहे. विचारणार नाही. पाचला उठून शोधीन.