उताराला किल्ली बंद करायची नाही

२७ ऑक्टोबर, सोमवार

गाडी आली. सई खराडीहून ऑफिस सुटल्यावर थेट घेऊन आली. डिकीतून काढली तेव्हा प्रवासाच्या बॅगेएवढी. एक खटका दाबला, उलगडली, आणि चार चाकं, खुर्ची, हँडल! मी बघतच राहिले. बॅटरीवर चालते. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी असते म्हणे. म्हणजे मला चालवत नाही हे आता अधिकृत झालं.

हे म्हणाले, "हात धरायला घरात माणूस आहे, मग हे कशाला?"

सई : "बाबा, पुढच्या आठवड्यात त्या अम्यूझमेंट पार्कात दिवसभर हात धरणार का तुम्ही?"

"धरीन की."

धरतीलही. आमवातानं गुडघे गेले त्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाय टाकला की माझं कोपर यांच्या हातात. तक्रार नाही, देवाशप्पथ नाही. पण तीन वर्षांत मी एकटी कुठ्ठे गेलेले नाही. कोपऱ्यावरच्या वाचनालयात सुद्धा नाही. पुस्तकं हेच बदलून आणतात. खूनबिन असलेलं आणा म्हटलं की प्रवासवर्णन येतं.

हँडलला हळदकुंकू, झेंडूची माळ. नारळ यांनी फोडला. कपाळावरच्या आठ्या न मोडता.

२९ ऑक्टो., बुध.

खाली पार्किंगमध्ये सराव. अंगठ्याखाली दांडी आहे, दाबली की चालते, सोडली की थांबते. एक गोल बटण, त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. वेग कमी-जास्त करायला. हे म्हणाले, "कासवावरच ठेवायचं." सबंध जन्म पुण्यात मोपेड चालवलेल्या बाईला सांगतायत!

पहिली फेरी मारली. पाय खुर्चीवर बसल्यासारखे स्वस्थ आणि मी चाललेय. खांब मागे जातायत. जोश्यांची कार मागे गेली. कोपर मोकळं. किती दिवसांनी... जाऊ दे.

गेटबाहेर काही जाता आलं नाही. रॅम्पवर दुचाक्या लावलेल्या, नेहमीप्रमाणे. सोसायटीच्या दर मीटिंगला त्यावर चर्चा होते, चहा होतो, दुचाक्या तिथेच. हे म्हणाले, "असू दे. बाहेर कुठं जायचंय तुला?" आणि किल्ली काढून शर्टाच्या खिशात.

३ नोव्हें., सोम.

उद्या पार्क. सईनं रजा टाकलीय, मुक्ताची दिवाळीची सुट्टी संपत आली. नातीचा फोन : "आजी, उद्या ससा!" मी म्हटलं, आजोबांना विचार.

बॅगेत स्कार्फ घेतला. मोपेडवर बांधायचे तसा, डोळे तेवढे उघडे. यांना सांगितलं, ऊन लागतं. ऊन कसलं डोंबलाचं. ओळखीचं कुणी भेटलं तर? पुण्याची माणसं कुठेही भेटतात. नुसती भेटत नाहीत, विचारतात.

५ नोव्हें., बुध.

काल लिहायला बोटं वळेनात. आज लिहिते, सगळं लिहिते.

गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, खेळण्यातली गाडी आत अलाऊड नाही." मी म्हटलं, "आणि आत काय आहे तुमच्याकडे? कचेरी?" हसला बिचारा. विचारायला गेला आणि व्हीलचेअरच घेऊन आला. यांचा चेहरा खुलला, ढकलायला मिळणार! तेवढ्यात त्यांच्या कुणी मोठ्या बाई आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली, म्हणाल्या जाऊ द्या.

आत गेले आणि बाई गं!

मी काय समजत होते, चार पाळणे नि भेळ. तो रस्ता! दोन्ही बाजूंना रंगवलेली घरं, बुरूज, सज्जे, पुढे किल्ला, आणि सगळ्यांच्या वर त्या रोलर कोस्टरचे रूळ. मान मोडेस्तोवर वर बघितलं तरी संपत नाहीत. आम्ही खाली असतानाच वरून गाडी गेली. लोखंडी खांब घुमले, माझ्या हातातलं हँडल थरथरलं. उलटी टांगलेली माणसं, सगळ्यांचे केस खाली, सगळे एका सुरात किंचाळतायत. गाडी गेली तरी किंचाळी मागे राहिली होती. अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. एवढं लोखंड, एवढी अक्कल, कशासाठी, तर माणसाला पोटभर ओरडता यावं! मागून लोक "आजी, साइड, साइड" करत होते. मी कसली हलतेय.

मग बराच वेळ हे बाजूनं, हात माझ्या खांद्यावर, बटण कासवावर. मुक्ता पाण्याच्या राइडला अडून बसली, आजोबा बरोबर पाहिजेतच. गेले शेवटी. जाताना : "इथेच बस. हलू नकोस." घाईत किल्ली मात्र गाडीलाच राहिली.

बसले. थोडा वेळ बसले. मग हलले.

आधी त्या कारंज्यापर्यंतच. मग कारंज्याच्या पलीकडे. मग बटण सशाकडे फिरवलं. अगं आई! माणसांच्या मधून, बाकांच्या मधून, वारा तोंडावर. कुणाला विचारायचं नाही, कुणी दमेल म्हणून थांबायचं नाही. डावीकडे वाटलं, डावीकडे. वाटेत एक मिरवणूक आली, पिसांचे टोप घातलेल्या नाचणाऱ्या मुली, ढोल, उंच काठ्यांवर चालणारी माणसं. मी त्यांच्या मागं लागले. कडेचे लोक त्यांना हात करत होते, ते करता करता मलाही करायला लागले. मीही केला! राणीसारखा. तेव्हा लक्षात आलं, स्कार्फ केव्हाच गळ्यात आलाय आणि माझं तोंड उघडं आहे, आणि मी रडतेय. वाईट वाटून नाही. इतकं मोठं आहे जग, आणि मला त्यात आपली आपण जाता येत होतं.

मिरवणूक तळ्याकडे वळली. तिथं लांबलचक उतार. आणि माझा हात, मला न विचारता, गेला आणि किल्ली बंद केली.

उतार दिसला की किल्ली बंद. जन्माची सवय. पण या गाडीत किल्ली बंद म्हणजे करकचून ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली. मी नाही थांबले.

हनुवटी हँडलवर, गुडघा फरशीवर, चष्मा एकीकडे, पर्स दुसरीकडे. पिसंवाल्या मुली धावल्या, एकीनं मला बसवलं, एक चष्मा पुसत होती. वरून हे पळत आले. ओलेचिंब, पाण्याच्या राइडमधून तसेच. तोंड पांढरंफटक. किल्ली काढली, ओल्या खिशात टाकली.

उरलेला दिवस व्हीलचेअर. हे ढकलत होते. किल्ला बघितला, त्यांचा तो मशीनचा बर्फ बघितला. छान होतं. यांच्या चालीनं.

७ नोव्हें., शुक्र.

हनुवटी निळी. गाडी घडी करून पलंगाखाली. किल्ली कुठं आहे ते विचारलं नाही.

हे म्हणाले, "सईला सांगतो, परत देऊन टाक म्हणून."

मी म्हटलं, एकदा पडले तर एवढं काय?

"तुझं तोंड बघितलं नाहीस तू. मी बघितलंय."

"त्याच्या आधीचं कुठं बघितलंत?"

दुपारी यांनी वाचनालयातून पुस्तक आणलं. नर्मदा परिक्रमा.

भीती वाटते. पडायची नाही. गाडी परत गेली तर मी परत कोपर पुढं करीन, आणि या वेळी मला त्याचं काही वाटणार नाही, याची वाटते.

९ नोव्हें., रवि.

सई आली. "पण आई, तू किल्ली बंद का केलीस?"

"उतार होता."

"मग?"

"उताराला पेट्रोल कशाला जाळायचं?"

सई बघतच राहिली. मग हसत सुटली. "आई! ती बॅटरीवर चालते!"

मी म्हटलं, मला काय ठाऊक, मला गाडी शिकवणाऱ्यानं असंच शिकवलं होतं.

शिकवणारा पेपर वाचत बसला होता. पेपर हलेना.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांनी मला मोपेड शिकवली, कात्रजच्या घाटात. मी पुढे, हे मागे. माथ्यावर आलं की मागून ओरडा : "बंद कर, बंद कर, उतार लागला!" इंजिनचा आवाज बंद. नुसता वारा, आणि खालपर्यंत घरंगळत जाणारे आम्ही दोघं. तेव्हा घाटात वर्दळ नसायची. किती मोठं वाटायचं सगळं, आणि किती आपलं.

पेपरामागून खुसखुस ऐकू आली. मग आवाज : "ओरडायचीस किती उतारभर."

"आनंदानं ओरडायचे."

पेपर खाली आला. "होय? मला वाटायचं, घाबरतेस. म्हणून घट्ट धरून बसायचो."

इतकी वर्षं! सई आमच्या तोंडाकडे बघत होती. चहा गार झाला.

गाडी परत द्यायचा विषय कुणी काढला नाही. किल्लीचाही नाही.

११ नोव्हें., मंगळ.

सकाळी उठले तर दाराजवळच्या खिळ्याला किल्ली. मोपेडची लटकायची तिथंच.

हे भाजीची पिशवी घेऊन निघाले. चपला घालता घालता, चपलांकडे बघून म्हणाले, "उताराला किल्ली बंद करायची नाही." दार उघडलं. मग : "आणि खूनबिन हवा असेल तर स्वतःच शोध. मला सापडत नाही."

गेले.

गाडी पलंगाखालून ओढली, उलगडली. नर्मदा परिक्रमा पिशवीत घातली. स्कार्फ घेतला, ठेवला, घेतला. पार्कात मला कोण ओळखत होतं? इथं वाचनालयापर्यंत जाईतो निम्मी पेठ विचारेल. पानवाला, इस्त्रीवाला, जोशीबाई तर गॅलरीतून. आणि रस्ता ओलांडायचाय, तो पुण्याचा.

गॅलरीत जाऊन खाली बघितलं. हे अजून गेलेलेच नाहीत. भाजीची पिशवी खांद्याला अडकवलीय आणि रॅम्पवरच्या दुचाक्या एकेक करून उचलून बाजूला लावतायत. मागचं चाक उचलायचं, सरकवायचं, कंबर धरून उभं राहायचं, मग पुढची. हाक मारणार होते. नाही मारली.

बराचसा रॅम्प मोकळा झालाय. एक मोठी बुलेट तेवढी हलत नाहीये त्यांना.

स्कार्फ कुठं ठेवला ते आठवत नाही. किल्ली हातात आहे. लिफ्ट वर येतेय.