खाली जाणारा उतार

मायाबंदर, अंदमान
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आण्णांस,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर ओरडले असते, म्हणून लिहिते आहे. तुम्ही गुळाची ढेप घेऊन पुण्याला आमच्या साहेबांकडे गेलात, पोरीला बेटावरून परत बोलवा म्हणून हात जोडलेत, आणि हे मला साहेबांकडून कळावं? त्यांना हवंच होतं. माझ्या जागी बसवायला त्यांचा माणूस तयारच आहे. आता म्हणतात, वडिलांची लेखी संमती आण, तरच राहा. बत्तीस वर्षांची आहे मी!

आपलं मुडशिंगी ज्या भूपट्टावर आहे, तोच इथे समुद्राखाली शेजारच्या पट्टाखाली शिरतो. रोजचे बारीक धक्के माझी यंत्रं टिपतात. कुठला धक्का किती खोलवरून आला हे मांडत गेलं, की खाली गेलेल्या पट्टाचा उतार नकाशावर उमटतो. निम्मा झालाय. उरलेला आता दुसरा काढणार.

अमरसिंहदादा सैन्यातून सीमेवर गेला तेव्हा पेढे वाटलेत. त्याच्या साहेबांकडे का नाही गेलात?

आईस नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्या नोकरीत घालू नये.

संयोगिता

गडमुडशिंगी
२४ फेब्रुवारी

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं तापलं. गेलो, आणि परत जाईन. पेढे वाटले ते चारचौघांत. घरात कुणाला घास गेला नव्हता. एका पोरानं जीव टांगणीला लावलाय, तेवढं पुरे की. धक्के मोजायला धक्क्यातच जाऊन राहायचं, हे कसलं शहाणपण? तुझी आई म्हणती, तिथं लाट आल्ती, माणसं गेल्ती, मग आपलीच पोरगी कशाला?

संमती देणार नाही. घरी ये, मग हवी तेवढी भांड. तब्येतीस जपणे.

आण्णा

मायाबंदर
९ मार्च

ती. आण्णांस शि. सा. न.

संमती मी मागितलीच नव्हती. साहेबांना लिहून कळवलंय, की नोकरी माझी आहे, वडिलांची नाही. परत बोलवायचं तर माझ्या कामातली चूक दाखवा. उत्तर येईपर्यंत इथून हलणार नाही. भीती मलाही वाटते. जमीन हलली की सगळ्यांत आधी मीच बाहेर पळते. आईला सांगा, वेळेवर जेवते.

काल आजवरचा सर्वांत खोल धक्का मिळाला, सगळ्या यंत्रांवर स्वच्छ. पट्ट आम्हाला वाटलं त्याहून उभा खाली जातो. असं काही सापडलं की मी आधी तुम्हाला फोन करायचे. तुम्हाला निम्मं कळायचं नाही, तरी गल्लीभर सांगत सुटायचात.

काल फोन केला नाही.

आपली,
संयोगिता