बॉनेटवरचं कुंकू

बेडोक, सिंगापूर
९ ऑगस्ट २०१७

ती. वन्सं यांना,

अरुणाचा वाकून नमस्कार. तो घ्यायचा की नाही, हे पत्र वाचून झाल्यावर ठरवा. पाकिटावरचं माझं अक्षर बघून ते न फोडताच फडताळात टाकावंसं वाटेल, पण फोडा. फोन तुम्ही उचलत नाही, आणि हे फोनवर मला जमलंही नसतं.

तुमचा गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम करता, की इशिताला नुसतं 'हो हो' म्हणता? तिच्याकडूनच तुमची खुशाली कळते. ती बरी आहे. सकाळी बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये जाते ती अंधार पडल्यावर येते, येताना हॉकर सेंटरवरून जेवण बांधून आणते आणि "आई, यू नेव्हर कुक प्रॉपरली एनीमोअर" असं मलाच सुनावते. तिचं चूक नाही. दोघींपुरता स्वयंपाक अजून हाताला बसत नाही. तिघांचाच भात लागतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी मी फोडणी देऊन खाते.

आज नॅशनल डेची सुट्टी आहे. समोरच्या ब्लॉकच्या सगळ्या कठड्यांवर झेंडे लागलेत. माझी बालवाडी बंद, म्हणून लिहायला बसले.

बातमी एवढीच की आपली गाडी चकचकीत केली. हसू नका. मी केली. धुतली, घासली, पॉलिश केली आणि वर कोटिंग चढवलं. म्हणजे काचेसारखा पातळ थर असतो, तो रंगावर बसला की वर्ष-दोन वर्षं पाणी ठरत नाही आणि डाग पडत नाही. इशिता कपाळावर हात मारून म्हणाली, "आई, ऑक्टोबरमध्ये ती स्क्रॅपला जाणार. हू पुट्स कोटिंग ऑन अ डेड कार?"

तुम्हाला आठवत असेल, इथे गाडीला दहाच वर्षांची मुदत मिळते. निशिकांतने तुम्हाला ते समजावलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "म्हणजे तुमच्याकडे गाडीचीही कुंडली मांडतात का रे?" तर त्या कुंडलीप्रमाणे सोळा ऑक्टोबरला आपल्या गाडीचं आयुष्य संपतं. मुदत वाढवून घेता येते, पण चालवणार कोण? मला येत नाही. इशिता आठवड्यातून एकदा खाली जाऊन इंजिन चालू करते, पाच मिनिटं आत बसते आणि लाल डोळ्यांनी वर येते. 

निशिकांतचं वर्षश्राद्ध जवळ आलं म्हणून कपाट आवरायला काढलं होतं. त्याच्या खणात एक काळी डबी सापडली. आत बोटाएवढी काचेची बाटली, स्पंजाचा ठोकळा, मऊ कापडाचे चौकोनी तुकडे आणि घडी घातलेला एक कागद. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याने हे सगळं मागवलं होतं. "एखादा लाँग वीकेंड मिळू दे, गाडीला नवरी करतो की नाही बघ," म्हणत होता. जूनमध्ये रिपोर्ट आले. पुढचे वीकेंड हॉस्पिटलात गेले.

कागदावर त्याच्या अक्षरात सहा पायऱ्या लिहिल्यात. जुरोंग आयलंडच्या केमिकल प्लँटमध्ये जन्म गेला, तिथे व्हॉल्व्ह फिरवायचा तरी आधी कागद लागतो, तर घरची गाडी कशी सुटेल? पहिली पायरी धुणे, दुसरी लोखंडी धूळ काढणे, तिसरी क्ले, चौथी मशीनने पॉलिश, सहावी कोटिंग. एवढं सगळं मांडून ठेवलेलं बघितलं आणि वाटलं, त्याचं एवढं तरी काम मी पुरं करावं. त्याची दुसरी कामं मी कशी केली ते पुढे येईलच.

शनिवारी भाजीच्या ट्रॉलीवरून बादल्या वाहिल्या. गाडी कारपार्कच्या चौथ्या मजल्यावर असते, तिथे ऊनही नाही आणि पाऊसही नाही. धुऊन झाल्यावर लोखंडी धूळ काढायचा फवारा मारला तशी पांढऱ्या रंगावरून कोकमाच्या सारासारखे ओघळ यायला लागले, आणि वास सडक्या अंड्यांचा. मी घाबरलेच. शेजारच्या गाडीचे मिस्टर ओंग तिथेच स्टूल टाकून पेपर वाचत बसतात. निवृत्त टॅक्सीवाले आहेत, बायको चार वर्षांपूर्वी गेली. ते म्हणाले, "डोन्ट स्केअर, आंटी. एमआरटी डस्ट. आयर्न कमिंग आउट, गुड." म्हणजे मेट्रोच्या रुळांवरून उडणारी लोखंडाची धूळ. मग स्वतःच उठले आणि क्ले कशी फिरवायची ते दाखवलं. साबणाच्या पाण्यावर मातीची वडी हलकेच फिरवायची. आधी खरखर लागते, मग हात आपोआप सरकायला लागतो. मी एकदम मोठा भाग घ्यायला गेले तर ओरडले, "स्मॉल स्मॉल एरिया लाह! यू व्हेरी ग्रीडी."

रविवारी त्यांनी त्यांचं बॅटरीवरचं पॉलिशचं मशीन आणून दिलं. दारं झाली, टप झाला. शेवटी बॉनेट राहिलं.

बॉनेटवर काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. दोन हजार सातचा दसरा, गाडी घरी येऊन चार दिवस झालेले. तुम्ही पुण्याहून आणलेलं कुंकू तेलात कालवलंत आणि अनामिकेने हातभर स्वस्तिक काढलंत, चार ठिपक्यांसकट. वर फर्मान काढलंत, "दिवाळीपर्यंत पुसायचं नाही." तेव्हा आमची गाडी उघड्यावर असायची. तीन आठवडे ऊन खाऊन ते कुंकू रंगात मुरलं ते मुरलंच. पांढऱ्याशुभ्र गाडीवर गुलाबी स्वस्तिक! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. तुम्ही परत गेल्यावर मी लिंबू, बेसन, टूथपेस्ट, सगळं करून पाहिलं. निशिकांत नुसता हसायचा. आणि दर दसऱ्याला तुम्हाला फोन लावून पहिलं वाक्य तेच, "ताई, तुझं कुंकू काही निघत नाही गं!" तुम्ही पलीकडून म्हणायचात, "निघायला ते तुझ्या बायकोच्या टिकलीसारखं आहे का?" फोन स्पीकरवर असायचा, वन्सं. मला ऐकू यायचं.

मिस्टर ओंग त्या डागावर बोट ठेवून म्हणाले, "आंटी, धिस वन यू वॉन्ट ऑर डोन्ट वॉन्ट? मशीन कॅन रिमूव्ह, फाइव्ह मिनिट्स. आफ्टर कोटिंग, कॅनॉट ऑलरेडी."

वर पायऱ्या सांगताना मी पाचवी गाळली. तुमच्या लक्षात आलंही असेल. पाचवी पायरी अशी आहे: 'बॉनेटला मधोमध मशीन नको. ताईचं कुंकू.' खाली दोन रेघा मारल्यात.

मी ते वाचलेलं होतं. तरी मशीन लावलं. दहा वर्षांचा राग एका बटणावर आला म्हणा हवं तर. स्वस्तिकाचा खालचा उजवा हात आणि त्याचा ठिपका बघता बघता गेला. माझ्या हाताला काही कळलंसुद्धा नाही, इतकं सोपं होतं ते.

तेवढ्यात इशिता पाणी घेऊन आली. रविवारचा तुमचा फोन नुकताच झाला होता. म्हणाली, "आई, आत्या वॉज क्रायिंग. राखीचं पाकीट लिहायला घेतलं आणि नाव लिहून झाल्यावर तिला आठवलं. शी आस्क्ड मी, मी निशीचं काय वाकडं केलं होतं, की त्याने शेवटचं भेटूसुद्धा दिलं नाही? व्हॉट डू आय टेल हर?"

मी बटण सोडलं. मिस्टर ओंगना वाटलं मशीन बिघडलं.

वन्सं, आता लिहिते. तुम्ही त्याचं काहीही वाकडं केलं नव्हतं. त्याने तुम्हाला बोलावलं होतं.

आधी 'ताईला कळवू नका' म्हणाला, हे खरं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तसं म्हणाला. गेल्या वर्षी राखीला तुमचा फोन आला तेव्हा तो हॉस्पिटलच्या पलंगावर होता आणि सर्दी झाल्याचं तुम्हाला सांगत होता. पण मग त्याला घरी आणलं, आणि गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला, "अरुणा, ताईला बोलाव. मला तिला बघायचंय." अगदी स्वच्छ म्हणाला.

मी म्हटलं, त्यांच्याकडे गौरी असतात, घरचं सोडून कशा येतील? अनंत चतुर्दशी होऊ दे, मग कळवते. तो म्हणाला, "ती गौरी तशाच ठेवून येईल." मलाही ते माहीत होतं. मला तेच नको होतं.

मला तो माझ्याकडे हवा होता. लग्न होऊन आले तेव्हापासून तो आधी तुमचा होता. आई गेल्यावर तुम्ही त्याला वाढवलंत, सगळं मान्य. पण तुम्ही आलात की उशाशी तुम्ही बसणार, त्याच्या कपाळावर तुमचा हात असणार आणि मी पेज करायला आत जाणार. अठ्ठावीस वर्षांत कधी वेगळं झालं होतं का? डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले होते. त्यातला एकसुद्धा मला वाटून घ्यायचा नव्हता.

म्हणून मी फोन केला नाही. त्याला मात्र सांगितलं की केला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, व्हिसाचं चाललंय. मग सांगितलं, तिकीट बघतायत. तो रोज विचारायचा, आणि मी रोज काहीतरी नवीन सांगायची. मनाशी म्हणायची, पंधरा तारखेला विसर्जन झालं की लगेच फोन करते. चौदाला दुपारी तो गेला. शेवटचे दोन दिवस दार वाजलं की मान वळवायचा. नर्स यायची.

तुम्ही आलात आणि दारातच विचारलंत, "मला का नाही कळवलं?" तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यानेच शपथ घातली होती." निघून गेलं असं तरी कशाला म्हणू? बोलले मी ते. तेरा दिवस तुम्ही माझ्या घरात होतात, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं, कारण तुमचा राग माझ्यावर कमी आणि त्याच्यावर जास्त होता. मेलेल्या माणसाच्या नावावर मी माझी चूक खपवली. अकरा महिने तुम्ही धाकट्या भावावर रुसून आहात आणि तो बिचारा वाट बघत गेला.

इशिताला रविवारीच सगळं सांगितलं. तिथेच, कारपार्कमध्ये, बादलीशेजारी बसून.  तेव्हापासून ती माझ्याशी फारसं बोलत नाही. आज सकाळी बाहेर जाताना तेवढं म्हणाली, "बाबा रोज विचारायचा आणि तू रोज नवीन खोटं सांगायचीस, आई." एवढं स्वच्छ मराठी तिला येतं हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी राखीपौर्णिमा होती. बालवाडीतून रजा घेतली आणि कोटिंग केलं. ठोकळ्यावर थेंब घ्यायचे, आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, पाण्यावर तेल पडल्यासारखे रंग दिसायला लागले की कापडाने हलकेच पुसायचं. उशीर झाला तर तो थर तसाच वाळून बसतो, पुन्हा निघत नाही. बॉनेट शेवटी केलं. तुमच्या स्वस्तिकाचे तीन हात आणि तीन ठिपके उरले होते, त्यांच्यावरून स्वतःच्या हाताने कोटिंग फिरवलं. आता ते मलासुद्धा पुसता येणार नाहीत. गेलेला हात मात्र परत येणार नाही. मिस्टर ओंगना विचारलं मी. ते म्हणाले, वरून कुंकू लावलं तरी आता धरणार नाही, ओल्या फडक्याने निघून जाईल.

त्याचा कागद सोबत पाठवते आहे. पाचवी ओळ बघा. अक्षर मे महिन्यातलं आहे, हात थरथरत नव्हता तेव्हाचं. तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून पाठवते आहे.

दसरा तीस सप्टेंबरला आहे. गाडी सोळा ऑक्टोबरपर्यंत इथे आहे. तुम्ही यावं असं मी कोणत्या तोंडाने लिहू? माझ्याकडे उतरू नका हवं तर. इशिता तुमची सोय करेल, मी समोरसुद्धा येणार नाही. पण बॉनेटवर एकदा हात ठेवून जा. माफी मागत नाही. माफ केलंत तर मला बरं वाटेल, आणि मला बरं वाटावं म्हणून हे लिहिलेलं नाही.

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने तुमच्यासाठी एक निरोप सांगितला होता. मी उद्या सांगेन, परवा सांगेन करत तो माझ्याजवळच ठेवला. त्याच्याच शब्दांत देते:

"ताई आली आणि मी झोपलेलो असलो, तर तिला आधी खाली नेऊन गाडी दाखव. म्हणावं, तुझं कुंकू अजून निघालं नाही."

निरोप पोचवायला उशीर केलेली,
अरुणा