हौदात काही नाही

ता. ४ मे

विहीणबाईंना स. न. वि. वि.

मला पत्राची सवय नाही. तुमच्यासारखा मी ग्रंथालयात जन्म काढला नाही, लाँड्रीत काढला. अक्षर वेडंवाकडं असेल, पण मजकूर सरळ आहे.

काल आपल्या मुंगीचा फोन आला. मला वाटलं, नात आजीच्या गुडघ्याची चौकशी करेल. कसलं काय! पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमच्या तळ्यातले सोनेरी मासे. एक म्हणे बोटातून दाणा घेतो. एकाची शेपूट म्हणे पडद्यासारखी झुळझुळते. मी विचारलं, माझ्या हौदाकडे कधी येतेस, तर एकदम गप्प. ती पोर झोपेतसुद्धा बडबडते. ती गप्प होते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

तिच्या शाळेला मोठी सुट्टी जून-जुलैत असते, तेव्हा ती दर वर्षी माझ्याकडे असते. यंदा तुमची लेक, म्हणजे माझी सूनबाई म्हणाली, बघू, तिलाच विचारू. आजवर कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आली म्हणजे माझं पारडं हलकं झालं, एवढं मला शाळेत न जाताही कळतं.

आणि माझ्याकडे आहे काय? दुकान बंद केल्यापासून कपडे खळबळायचा हौद मागच्या अंगणात पडून होता. पावसाने भरला आणि बेडूक न विचारता राहायला आले. रंग म्हणाल तर फरशी पुसायच्या फडक्याचा. बोटातून दाणा घेणं सोडा, बोट दिसलं की तोंड फिरवून बुडी मारतात. माझ्या माहेरच्यांसारखे.

आता कामाचं. शेजारच्या शिंपीणबाईंना मासे पाळायचेत. फार निगा लागते का? कुठे मिळतात? त्यांच्यासाठीच विचारते, मला मेलीला कसली हौस.

जाता जाता एक. मुंगी इथे दोन दिवस राहून थेट तुमच्याकडे गेली, तेव्हापासून माझी झाकणाची मोठी काचेची बरणी दिसत नाही. घरात चोर आला नव्हता, नात आली होती. तुमच्याकडे असेल तर बघा.

लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं. आटला तर कळवीन.

तुमची विहीण,
लाँड्रीवाली

ता. १० मे

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र मिळाले. अक्षर उत्तम आहे, मजकूर त्याहून तिखट. दोनदा वाचले.

शिंपीणबाईंना सांगा, निगा फार नाही. सावली हवी, पाणी एकदम सगळे बदलू नये, आणि दाणा कमी टाकावा. मासे भुकेने मरत नाहीत, आपल्या कौतुकाने मरतात. विकत घेण्याची गरज नाही. जावईबापू कामासाठी इकडे आले आहेत. त्यांच्याबरोबर चार मासे पाण्याच्या पिशवीत पाठवते. पिशवी आधी थोडा वेळ तशीच पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे माशांना नव्या पाण्याची ऊब कळते. मग तोंड उघडा.

एक मात्र मनापासून विचारते. शिंपीणबाईंच्या पाण्यात आधीपासून काही आहे का? अंडी, पिल्ले, काहीही? असेल तर मासे सोडू नका, मला आधी कळवा. हे विसरू नका.

बरणीचे बघते. घर मोठे, वस्तू कुठे जातात कळत नाही.

आपला स्नेह आहे तसा राहू द्यावा, ही विनंती.

आपली विहीण

ता. १६ मे

विहीणबाईंना नमस्कार वि. वि.

मासे पोचले. माझ्या लेकाने पिशवी अशी छातीशी धरून आणली की त्याला लहानपणी मी तसं धरलं नव्हतं. आगगाडीत म्हणे सगळा डबा त्याच्याभोवती जमला होता. सासूबाईंनी दिलेत असं चारचौघांत सांगत होता. आईने दिलेला डबा मात्र तुमच्याकडेच विसरून आला.

शिंपीणबाईंचा बेत बदलला. तेव्हा मीच ठेवून घेतले, आता परत कुठे पाठवणार.

पाण्यात काही आहे का म्हणून विचारलंत. विहीणबाई, सगळ्या गावाचे पांढरे कपडे मी त्या पाण्यातून काढले. डॉक्टरांचे कोट, हॉटेलाच्या चादरी. एक डाग घेऊन कपडा परत गेला नाही. माझ्या हौदात काही कशाला असेल? काही नाही. आरशासारखं पाणी आहे. तुमच्या तळ्याच्या दगडांवर हिरवं साचतं असं मुंगीच म्हणाली होती, ते तेवढं बघा.

पिशवी तरंगवली, तोंड उघडलं. चौघे बाहेर आले ते साहेब लोक पाहणीला आल्यासारखे. दिसतात बरे. मुंगीला कळवलंय.

माझा लोभ तुमच्या माशांइतका चकचकीत नसेल, पण टिकाऊ आहे.

लाँड्रीवाली

ता. २ जून

विहीणबाई,

नमस्कार वगैरे समजून घ्या.

काल मुंगीचा फोन आला. सुट्टीत माझ्याकडेच येतेय. ऐकून मला वाटलं, चार मासे काय कामाला आले! मी माशांचं सुरू केलं तर म्हणाली, मासे राहू दे आजी, हौदातल्या पिल्लांना पाय फुटले का ते सांग. ती येते आहे ती पाय बघायला. माझी कपडे आपटायची फळी हौदात तिरकी लावलेली आहे ना, तिच्यावरून ती कशी बाहेर चढतात ते बघणार आहे. वर्गात सगळ्यांना सांगून झालंय.

पिल्लं होती, विहीणबाई. तुम्ही विचारलंत तेव्हा हौद काळ्या ठिपक्यांनी वळवळत होता. नुसती शेपटीवाली पिल्लं. तुमच्यापुढे ते सांगायची लाज वाटली. तुमच्याकडे सोनं पोहणार आणि माझ्याकडे हा गाळ, असं वाटलं. म्हणून काही नाही म्हणून लिहिलं.

आता खरंच काही नाही. आठवड्यात सगळं साफ. मासे गरगरीत झालेत, मी आपली समजत होते की माझ्या हातच्या दाण्याने झाले. फोन ठेवून हौदावर गेले आणि संध्याकाळपर्यंत बघत बसले. एक शेपटी दिसेल तर शपथ.

मोठे बेडूक आहेत तसेच आहेत. माझ्याकडे असे बघतात की मी खालमानेने दोरीवरचे कपडे काढते.

पोर आली की काय सांगू? मासे पाहिजेत म्हणून पिल्लं घालवली, हे सांगू? तुम्ही जास्त शिकलेल्या आहात, काहीतरी सुचवा. हसणार असाल तर हसून घ्या, पण आधी उत्तर टाका.

तुमची विहीण

ता. ६ जून

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार वि. वि.

हसले नाही. हसण्याचे तोंड मला नाही.

तुमची बरणी माझ्याकडे आहे. मुंगी तुमच्या हौदातली अंडी त्यात भरून घेऊन आली होती, जेलीच्या गोळ्यात काळे ठिपके. मासे ती खातात हे माझ्या तळ्यावर मी पूर्वीच पाहिले आहे, म्हणून जुना पत्र्याचा टब परसात सावलीला ठेवला आणि अंडी त्यात सोडली. तळ्यातले शेवाळे खायला घातले. सगळी पिल्ले सुखरूप आहेत. कित्येकांना मागचे पाय फुटले आहेत.

हे तुम्हाला आधीच लिहायचे, नाही लिहिले. मुंगी इथे होती तोवर माझ्या तळ्याकडे पाठ करून त्या टबापाशी बसली. तळ्यासाठी मी एकेक दगड निवडून आणला, कारंजे बसवले, आणि पोरीने जेवणाचे ताटसुद्धा तुमच्या फडक्याच्या रंगाच्या बेडकांपाशी नेले. मला ते सोसले नाही. पाय फुटताना तिने माझ्या घरी बघावे, तुमच्या नव्हे, एवढेच मनात होते. तिकडच्या आजीला फोनवर माशांचेच सांग, टबाचे बोलू नकोस, हे मीच तिला पढवले. ती गप्प झाली ती त्यामुळे. पोटात ठेवणे तिला किती जड गेले असेल.

आणि पाण्यात काही आहे का हे मी ज्या काळजीने विचारले, त्याच काळजीने माझ्याकडे टब आहे हे सांगायला हवे होते. सांगितले असते तर तुम्हीही लपवले नसते.

पिल्ले तुमची आहेत. अर्धी पाठवू की सगळी, ते तुम्ही सांगा.

स्नेहाला मी थोडी कमी पडले, तुम्ही पडू नका.

आपली विहीण

ता. ९ जून

विहीणबाईंना न. वि. वि.

पढवलंत त्याबद्दल आल्यावर भांडीन, पत्रात जागा पुरायची नाही.

अर्धी नकोत, सगळी आणा. आणि पाठवू नका, स्वतः घेऊन या. पिल्लांना आगगाडीत कोण सांभाळणार, माझा लेक? तुमचे साहेब लोक मी दुकानातल्या जाळीच्या पडद्याने धरून बादलीत काढलेत, तेही घेऊन जा. मुंगी यायच्या आत या.

उशीला धुतलेला अभ्रा घालते. माझ्याकडची इस्त्री तुमच्या तिकडे मिळायची नाही.

लाँड्रीवाली

ता. ७ जुलै

विहीणबाईंना स. न. वि. वि.

तुम्ही परत सुखरूप पोचल्याचं सूनबाईकडून कळलं. मासेही पोचले म्हणे, थोडे वाळलेत. वाळू देत.

इथे सगळं ठीक. रोज एकदोन बेडूक फळी चढून गवतात जातात. नखाएवढे आहेत, पण चालण्यात ऐट अशी की बाप ठेकेदार असावा. मुंगी हौदावरून हलत नाही. मात्र रोज सकाळी उठली की पहिला प्रश्न, तिकडची आजी परत कधी येणार. जवळ मी बसलेली असते, चहाचा कप हातात घेऊन. मी दिसते की नाही कोण जाणे.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं, ते मनातून जात नाही. तुम्ही निघायच्या दिवशी मी चहा टाकायला आत गेले आणि पहिला बेडूक नेमका तेव्हा फळीवरून बाहेर आला. हौद माझा, फळी माझी, बेडूक माझे. बघितला तुम्ही. पोरीने मला हाका मारल्या, मी गुडघा धरून धावत आले, तोवर तो गवतात गडप. आणि पोर कोणाचा हात धरून उड्या मारत होती? जाऊ दे.

तुम्ही नंतर म्हणालात की लांबून नीट दिसला नाही. खोटं बोलायला तुम्हाला अजून शिकावं लागेल, त्यात मी तुमच्या पुढे आहे.

बरणी धुऊन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलीय. पुढल्या वर्षी अंडी दिसली की तुम्हाला आधी कळवीन. या.

चहा मात्र तुम्ही करायचा.

तुमची विहीण