उंबऱ्यावरचं खुरपं

दादा, परवा रविवारी आमच्या मंचरच्या बिल्डिंगमध्ये सभा झाली आणि तिथे मी तुमच्याविषयी बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

पुण्याहून एक तरुण जोडपं आलं होतं, दोघंही आर्किटेक्ट. पार्किंगमध्ये पांढरी चादर बांधून तिच्यावर चित्रं दाखवत होते. इकोव्हिलेज हा शब्द आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकला. आधी परदेशातली गावं दाखवली, मग म्हणाले, हे शहराच्या गल्लीतही करता येतं. सांडपाणी वाया घालवायचं नाही, ओला कचरा दारातच जिरवायचा, मोकळ्या जागेत सगळ्यांची मिळून एक बाग करायची आणि काम वाटून घ्यायचं. बायका टँकरच्या पाण्याला इतक्या वैतागल्या आहेत की मन लावून ऐकत होत्या. पण वाटून घ्यायचं म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पहिले चार दिवस होईल, पुढे कोण करणार, असं कोणीतरी म्हणालं आणि मला राहवलं नाही. मी उठून सांगितलं की माझे वडील पाटकरी होते. कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात कधी आणि किती वेळ जायचं, हे बघणं त्यांचं काम. त्यांनी नारायणगावच्या आमच्या कॉलनीत हे सगळं पंधरा वर्षांपूर्वी केलं होतं, एका खुरप्यावर.

खुरप्यावर म्हटल्यावर ती आर्किटेक्ट मुलगी वही उघडून पुढे सरकली. मग मी सांगत गेले. कॉलनीत चौदा घरं. सगळ्यांच्या मोरीचं पाणी रस्त्यावर यायचं आणि डासांनी जीव नको व्हायचा. तुम्ही सुट्टीच्या दिवशी एकटे फावडं घेऊन उतरलात आणि घरांच्या मागून एक चारी काढलीत, पार कोपऱ्यातल्या मोकळ्या प्लॉटपर्यंत. चारीच्या तोंडाशी कर्दळ, पुढे अळू, केळी, कडेला शेवगा आणि गवती चहा. ज्याची बारी असेल त्याने चारीतला गाळ काढून खतखड्ड्यात टाकायचा, प्लॉटवर जाऊन दारं धरायची, म्हणजे पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं शेजारच्या घरी द्यायचं. रजिस्टर नाही, मीटिंग नाही. खुरपं ज्याच्या दारात, त्या दिवशी चारी त्याची.

ते आमच्या गावाहून, बोरीहून आणलेलं आजोबांचं खुरपं होतं, बाभळीच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेलं. पहिल्या बैठकीला शिक्षक, कंडक्टर, सोसायटीतले कारकून असे सगळे आमच्या ओट्यावर जमले होते. गाळ काढायला एखादा माणूस लावू, असं कोणीतरी सुचवलं. तुम्ही मांडी घालून बसला होतात. आवाज न चढवता म्हणालात, "गटार सगळ्यांचं हाय, तर उपसायचं बी सगळ्यांनी. आमच्यातल्या माणसानं एकट्यानं लई वर्सं उपसलंय." मग कंडक्टरकाकांनी विचारलं, पहिली बारी कुणाची, आणि तुम्ही म्हणालात, माझी.

मी नववीत असेन. माझ्यावर बारी सोपवून तुम्ही ड्यूटीवर गेला होतात आणि मी गाळ न काढताच सकाळी खुरपं पुढच्या घरी देऊन टाकलं. तुम्ही ते परत आणायला लावलंत. भर कॉलनीतून मी खाली मान घालून ते परत आणलं. बारी संपली म्हणून खुरपं द्यायचं नसतं, काम झालं म्हणून द्यायचं असतं, इतकंच म्हणालात. मारलं असतंत तर मी विसरले असते. हे मात्र विसरले नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

काकूंविषयी मी सभेत बोलले नाही. त्या शेजारच्या, बारीत आमच्या आधीचं घर त्यांचं. माहेरच्या महाळुंगे पडवळच्या, बागायतदार घरच्या. त्यांची बारी झाली की खुरपं आमच्याकडे यायचं. गाळ त्या निमूट काढायच्या, कामाला कधी चुकल्या नाहीत. पण खुरपं आमच्या हातात देत नसत. उंबऱ्यावर ठेवायच्या, "भाऊ, ठिवलंय हां" म्हणायच्या आणि वळायच्या. तुम्ही हातातला चहाचा कप खाली ठेवून ते उचलून घ्यायचात. आई चिडायची, तुम्ही म्हणायचात, चारीवर येती ना, बास. अशी सात वर्षं गेली. मग त्यांचे यजमान पुण्याच्या दवाखान्यात होते तेव्हा दोन महिने त्यांच्या बाऱ्या तुम्ही केल्यात, कोणाला न सांगता. यजमान गेले. महिन्याभराने काकू आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि खुरपं पुढे करून म्हणाल्या, "भाऊ, घ्या." तुम्ही हात पुढे केलात. काकू गेल्यावर आत येऊन आईला सांगितलंत, आज हातात दिलं. त्या दिवशी तुम्ही दोनदा चहा मागून घेतलात आणि आईने एकदाही नाही म्हटलं नाही.

आता त्या रविवारचं सांगते. तुम्हाला तो आठवतच असेल, पण तुम्हाला त्यातला अर्धाच ठाऊक आहे. मला बघायला पाहुणे येणार होते, मुलगा पुण्यात ऑफिसर. तुम्ही पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेला आहात, आई मागे शेगडीपाशी आहे. दार लावून मी साडीला इस्त्री करते आहे. बाहेरून काकूंची हाक येते, "पोरी, दार लावलंय व्हय? ठिवते हितंच." मी साडी सावरत दार उघडते तर उंबऱ्यावर खुरपं. माझ्या मनात काय आलं ते सांगायची मला अजून लाज वाटते. डोक्यावर गाळाचं घमेलं घेतलेली मी त्या ऑफिसरला दिसते आहे, असं मला दिसलं. कॉलेजात एक मैत्रीण हसत म्हणाली होती, शिकलात तरी तुमच्या घरी अजून गटारच उपसता का गं. आपण ज्या कामातून बाहेर पडलो तेच तुम्ही अंगणात आणून ठेवलं, असा राग माझ्या पोटात कधीचा होता. तुम्ही ते काम चौदा घरांत सारखं वाटलं होतंत, त्यातली बायका-माणसं पिढ्यान्‌पिढ्या गटाराला हात न लावलेल्या घरची होती, हे माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. काम न करता खुरपं पुढे देता येत नव्हतं, ते मी नववीत शिकले होते. म्हणून मी ते लोखंडी पेटीत आजीच्या लुगड्याखाली सरकवलं. संध्याकाळी पाहुणे गेले की काढू, म्हटलं. खरंच तेवढंच होतं मनात.

पाहुणे पोहे खात असताना काकू दारात आल्या. आमच्या मागे गाळ अडला की पाणी उलटून त्यांच्या मागच्या अंगणात चढायचं, तसं चढलं होतं. खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांच्या खाली पाणी झालं होतं. त्या रागावलेल्या नव्हत्या, फक्त म्हणाल्या, "भाऊ, चारी तुंबली. खुरपं सकाळीच दिलंय तुमच्याकडं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो ऑफिसरही माझ्याकडेच बघत होता. मी म्हणाले, नाही दादा, आपल्याकडे आलंच नाही.

"दार लावलेलं व्हतं," काकू म्हणाल्या. "उंबऱ्यावर ठिवलं मी."

उंबरा हा शब्द ऐकून तुमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग गेल्या. त्या मुलाकडून पुढे नकारच आला, आणि त्याचं मला दुःखही झालं नाही. पण त्या संध्याकाळी मी पेटीपाशी गेले तेव्हा तुम्ही बाहेर ओट्यावर आईला सांगत होतात, "हातात द्यायला सात वर्सं लागली तिला. आन् परत उंबऱ्यावर. म्हंजी मनात कवाच न्हवतं." मी पेटीचं झाकण खाली केलं. तुम्ही आणखी दोन मिनिटं ते बोलला नसतात तर मी ते खुरपं घेऊन तुमच्यासमोर आले असते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. मला ते फारसं खरं वाटत नाही. जी गोष्ट मी सांगितली नाही ती सगळ्यांनी आपापल्या मनाने पुरी केली, आणि मी त्यांना करू दिली. कोणाला पुरावाही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरकाका म्हणाले, अहो भाऊ, नवीन खुरपं आणू, त्यात काय एवढं. तुम्ही म्हणालात, खुरप्याचं काय न्हाई. लोकांनी महिनाभर आठवेल तशी चारी उपसली, मग तेही थांबलं. पुढे बंद गटाराची पाइप आली, प्लॉटवर फरशीचे ठोकळे बसले आणि आता तिथे गाड्या उभ्या असतात. केळी तोडली त्या दिवशी तुम्ही बोरीला निघून गेला होतात. तुम्हाला काही झालं की तुम्ही गावी जायचात, हे आम्हाला माहीत होतं.

आणि शेवटचे ते चार महिने. अंथरुणाला खिळल्यावर तुम्ही काकूंच्या बाजूची खिडकी लावून घ्यायला सांगायचात. काकूंनी प्लॉटवरच्या अळवाचे दोन गड्डे आपल्या मोरीपाशी जगवले होते. त्याचं फदफदं करून त्यांनी तुमच्यासाठी पाठवलं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "ठिव तिकडं." मी वाटी धुऊन परत दिली आणि काकूंना सांगितलं, डॉक्टरांनी अळू नको म्हटलंय. तेव्हा तरी तुमच्या कानाशी वाकून एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही मला माफ केलं असतंत, याची मला खात्री आहे. तुम्ही काकूंना बोलावून घेतलं असतंत, याचीही खात्री आहे. पण मी तुमचा पलंग सरकवला, चादर बदलली, औषधं दिली. सगळी सेवा केली आणि ते एक वाक्य तेवढं ठेवून दिलं.

तुम्ही गेलात त्या दिवशी काकू बायकांत बसल्या नाहीत. दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. निघताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ते खुरपं सापडलं का गं कधी?" मी मान हलवली, नाही म्हणून. त्या म्हणाल्या, "भाऊंना वाटलं आसंल मीच..." आणि चप्पल घालून गेल्या.

परवा सभेत त्या आर्किटेक्ट मुलीने वहीतून डोकं वर काढून विचारलं, इतकं चांगलं चाललेलं मग बंद का पडलं? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, लोक बदलतात हो. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता आमच्या सेक्रेटरींनी ठरवलंय की आपल्याकडेही तसंच करू, आणि ते जुनं खुरपं घरात असलं तर त्यानेच सुरुवात करू.

आहे, दादा. आजीच्या लुगड्यात गुंडाळलेलं, माझ्या माळ्यावर आहे. ट्यूब सुटून आली आहे, पातं गंजलं आहे. काल खाली काढलं, पुसलं आणि परत ठेवलं.

काकू अजून त्याच घरात असतात. गुडघ्यांमुळे फारशा बाहेर पडत नाहीत, असं ऐकते. मंचरहून एसटीने अर्धा तास लागतो. हे पत्र खरं म्हणजे त्यांना लिहायला हवं होतं, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. त्यांना लिहिलं असतं तर नेऊन हातात द्यावं लागलं असतं, म्हणून तुम्हाला लिहिलं.