मेराउके लांब, बांदा आचे जवळ

बांदा आचे,
ईदेच्या चार दिवस आधी

रमलाताईस,

धाकट्या तर्मिझीचा तुझा हात कपाळाला लावून सलाम. गुडघे कसे आहेत? इकडे सर्व खुशाल. माझीही तब्येत उत्तम, नऊ वर्षं तू बोलत नाहीस एवढं सोडलं तर.

ईदेला धाकट्यानं थोरल्याच्या दारी जाऊन माफी मागायची, हा रिवाज मला कुणी शिकवायला नको. पण रिवाज पडला तेव्हा थोरली माणसं गल्लीच्या टोकाला राहायची, देशाच्या टोकाला नव्हे. आई अंतर भातानं मोजायची, एक भात शिजेपर्यंत जेवढं चालून होईल तो एक भात, आठवतं? मशीद अर्धा भात, बंदर दोन भात, मामीचं घर तीन (कारण वाटेतच मामी भेटायची). तुझं मेराउके किती भात, हे विचारायला मी तिकिटांच्या दुकानात गेलो. तिथली सफ्रिना म्हणाली, सव्वापाच हजार किलोमीटर. भातात सांग म्हटलं, तर तिनं मला बसायला खुर्ची दिली.

मग तिनं कागदावर लिहून दिलं. इथून दुपारी दोनला निघायचं, तिकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पोचायचं. म्हणजे सोळा तास. परतताना तिकडून सकाळी आठला निघायचं, इकडे रात्री आठला. म्हणजे बारा. मी तीनदा बोटं मोजली. ताई, तुझं घर माझ्यापासून सोळा तासांवर आहे आणि माझं घर तुझ्यापासून फक्त बारा. सफ्रिना म्हणते, तिकडचं घड्याळ दोन तास पुढे, दोन्हीकडून चौदाच. पोरीला काय कळतंय? मी चाळीस वर्षं होडी हाकली आहे. जाताना प्रवाह उलटा, येताना सुलटा, पाणी काय नि आभाळ काय. धक्क्यावर विचारलं तर सगळ्यांनी माझीच बाजू घेतली (रोजा धरून वाद घालणार कोण?).

तेव्हा ज्याला जवळ पडतं त्यानं यावं, हा सरळ न्याय. यात मानापमान नाही. बाबांची होडी तुला न विचारता विकली ती विकली, आणि तुझ्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणालो ते म्हणालो. शब्द म्हणजे शब्द. तूच ये.

तुझा,
तर्मिझी

ता. क. सफ्रिनानं दोन घड्याळं आणि एक संत्रं घेऊन पुन्हा समजावलं. चौदाच निघाले, दोन्हीकडून. वरचं खोडत नाही, अक्षर चांगलं आलंय.

पुन्हा ता. क. हे पत्र टपालात टाकलंच नाही. आज ईदेचा दुसरा दिवस, आणि मी ते तुझ्या फाटकाखालून सरकवतोय. तुझ्या गावात साडेसात वाजलेत, माझ्या मनगटावर साडेपाच. दारात पाऊल टाकणार नाही म्हणालो होतो, म्हणून बाहेरच उभा आहे. होडीचं माझं चुकलं, ताई. एक भात शिजेपर्यंत थांबतो. वास आला तर समजेन की माफ केलंस. नाही आला तर परतीची वाट जवळची आहेच. फक्त जुना तांदूळ घेऊ नकोस, त्याला वेळ लागतो, आणि गुडघे आता माझेही दुखतात.